उन्हाळी टायर आणि एक उलटा बाण

आयुष्यात मी पुस्तकं फार वाचली नाहीत, टायर मात्र भरपूर वाचले. टायरच्या कडेवर जेवढा मजकूर असतो तेवढा सातबाऱ्यावरही नसतो. रुंदी किती, रिम कोणती लागेल, वजन किती पेलेल, कोणत्या वर्षी कितव्या आठवड्यात कारखान्यातून बाहेर पडला, सगळं तिथं लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक ते वाचत नाही. ते टायरला लाथ मारून बघतं आणि मान हलवतं. म्हणून तर आमच्यासारख्यांची दुकानं चालतात.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावला वाशीम रोडवर माझं टायरचं दुकान आहे. आता पुतण्या बघतो. मी सकाळी जाऊन बाकड्यावर बसतो, चहा पितो, आल्यागेल्याशी बोलतो. प्रकृती ठीक आहे, मुली आपापल्या घरी सुखात आहेत, तक्रार करायला जागा नाही. दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा असं संपादक म्हणाले, तेव्हा मी लगेच हो म्हटलं, कारण मला एक दुरुस्ती छापून हवी होती. आमच्या भागात सुखदेव नावाचा एक ड्रायव्हर आहे. त्याला लोक बरीच वर्षं ‘नावाडी’ म्हणत आले. ते नाव माझ्यामुळे पडलं आणि ते खोटं आहे. ते कसं, हे सांगायचं तर आधी थोडा धंदा समजावून सांगावा लागेल.

मी शिकलो ते बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, आणि ट्रॅक्टरच्या चाकांवर. लाकडी चाकं जाऊन बंडीला रबरी चाकं आली तेव्हा मी जवान होतो. आमच्याकडची काळी जमीन पावसाळ्यात चाकाला अशी धरते की चाक आहे की मातीचा गोळा ते कळत नाही, आणि उन्हाळ्यात डांबर असं तापतं की चप्पल चिकटते. एकाच टायरने हे दोन्ही सोसायचं. म्हणून आमच्या भागात टायरवाल्याची परीक्षा होते. ड्रायव्हर लोक मला ‘उस्ताद’ म्हणत. मीही ते खरं मानून चाललो होतो.

गिऱ्हाइकांचे नमुने किती सांगावे? नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, साच्यातून निघताना राहिलेले. आम्ही त्यांना मिशा म्हणतो. मिशा म्हणजे टायर कोरा, अशी लोकांची समजूत. एक गुरुजी टायर घ्यायला आले की चष्मा लावून मिशा मोजायचे. एकदा म्हणाले, “उस्ताद, या टायरची एका बाजूची मिशी कमी हाय. कोणी वापरून वापस केला काय?” मी म्हटलं, “गुरुजी, हा कारखान्यातच दाढी करून आला.” ते हसले नाहीत. दुसरा टायर घेऊन गेले.

दुसरा एक जीपवाला होता. रामनवमीला पोहरादेवीला माणसं नेणारा. त्याचे चारही टायर टकले, नक्षीचा मागमूस नाही. मी म्हटलं, “भाऊ, यावर पंधरा माणसं कायले बसवतो?” तो म्हणाला, “उस्ताद, देवीच्या वाटेवर टायर नाई चालत, श्रद्धा चालते.” मी त्याची हवा भरली आणि म्हटलं, “मंग येताना काय चालते? उतरल्यावर श्रद्धा त तिथंच ठेवून येतात लोक.” पुढच्या आठवड्यात टायर बदलायला आला. श्रद्धेत नव्हे, मागच्या दोन टायरांत बदल झाला, पण तेही मी माझं यशच समजतो.

आता मुख्य गोष्ट. आसेगावचे एक मोठे शेतकरी, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी पुण्याहून एक जुनी पण भारी, वेगाची मोटार आणली. बसकी, रुंद चाकांची, दिसायला चित्त्यासारखी. तिच्यावर ड्रायव्हर सुखदेव. तेव्हा चाळिशीतला, बोलायला मिस्कील, गाडीला जिवापाड जपणारा. दुकानात आला की आधी “जय भीम उस्ताद” आणि मग थेट गाडीच्या दुखण्यावर. त्याच्या हातात गाडी असली की मालक मागे बिनघोर झोपायचे.

त्या मोटारीचे टायर संपले होते. अकोल्याच्या मोठ्या दुकानातून मी माहितीचं पत्रक मागवलं. पत्रक इंग्रजीत. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण अक्षरं लावून वाचता येत होतं. वेगाच्या गाड्यांसाठी दोन जाती दिल्या होत्या. एक ‘समर’, दुसरी ‘ऑल सीझन’. मी भाऊसाहेब आणि सुखदेव दोघांसमोर छाती काढून भाषांतर केलं. “भाऊसाहेब, एक हाय उन्हाळी. दुसरा बारमाही.”

सुखदेव हसला. “उन्हाळी म्हंजे भुईमुगावानी काय जी? उन्हाळ्यात लावाचा अन् मिरगाच्या आधी उपटाचा?”

“तसंच समज,” मी म्हणालो. “उन्हाळी टायर तापल्या डांबरावर चिकटून चालते. पावसात त्याचं काम नाई. बारमाही हे बारमाही विहिरीवानी, कधी धोका नाई.”

भाऊसाहेबांना दिसायला उन्हाळी टायर आवडले. “पावसाळा लागला का पाहू,” असं म्हणून त्यांनी तेच घेतले. पावसाळा लागला, सुखदेवने दोनदा आठवण करून दिली, पण मालकांच्या मनातून ते गेलं होतं.

टायर मीच चढवले, चैत्रात. पोहरादेवीच्या यात्रेमुळे दुकानासमोर जीपची रांग होती. दुसऱ्याच्या हाती ती भारी रिम द्यायला मन होईना, म्हणून मी स्वतः बसलो. चारही टायर एकाच बाजूने, एकाच हाताने चढवले. बाहेरून पुसले, चमकवले, हवा तपासली. सुखदेवने बोनेटला हात लावून नमस्कार केला आणि गाडी गेली.

पंधरा दिवसांनी तो आला. म्हणाला, “उस्ताद, साठच्या वर गेलं का डाव्या अंगानं गाडी घुमून राह्यली. भवऱ्यावानी.”

मी बाकड्यावरून उठलोसुद्धा नाही. “रुंद टायरले आवाज असतेच. तू जुन्या गाडीचे कान घेऊन नव्या गाडीत बसला.”

तो म्हणाला, “कानाचं नाई जी, गाडीच्या आवाजाचं म्हणून राह्यलो मी.” पण माझं ऐकून गेला. उस्ताद म्हणतो म्हणजे बरोबर असणार.

श्रावणात भाऊसाहेब वाशीमहून अकोल्याला निघाले होते. मालेगावच्या अलीकडे रस्त्याच्या उतारावर पाणी साचलं होतं, चार बोटं असेल नसेल. गाडी त्यात शिरली आणि सरळ जायचं सोडून आडवी झाली, रस्ता सोडून सोयाबीनमध्ये घुसली आणि बाभळीला टेकून थांबली. भाऊसाहेबांचं मनगट मोडलं. सुखदेवच्या कपाळाला खोक पडली. जिवावरचं मनगटावर निभावलं.

मला बोलावणं आलं. मी गेलो तेव्हा शेतात तीस-चाळीस माणसं जमली होती. भाऊसाहेब हात गळ्यात बांधून दगडावर बसलेले, चेहरा पांढराफटक. सुखदेव रुमाल कपाळाला धरून उभा. तो मला बघताच म्हणाला, “उस्ताद, म्या काटा पाह्यला होता. साठवर होता. साठच्या वर नोता. गाडी हातातच नोती, तरंगली ती. स्टेअरिंग फिरवलं त फिरलं नाई.”

भाऊसाहेब म्हणाले, “साठले गाडी अशी जाते काय? तुमीच सांगा उस्ताद. टायरचा दोष का ह्याचा?”

मी टायर बघायला वाकलो. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकावर चिखल लागला होता. मी तळहाताने पुसला. चिखलाखालून कडेवर कोरलेला एक बाण निघाला. चाक कोणत्या दिशेने फिरलं पाहिजे ते दाखवणारा बाण. तो मागे वळलेला होता. मागचं चाक पुसलं. तिथंही तेच.

इथं थोडं समजावून सांगतो. ज्या टायरवर असा बाण असतो त्याची नक्षी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी असते. बाणाप्रमाणे चाक फिरलं तर ‘व्ही’चं टोक आधी रस्त्याला टेकतं आणि पाणी दोन्ही बाजूंना बाहेर फेकलं जातं. उलटं बसवलं तर फाटे आधी टेकतात आणि तीच नक्षी पाणी मधोमध गोळा करते. मग चाक रस्त्यावर न राहता पाण्यावर चढतं. कोरड्या रस्त्यावर फारसं कळत नाही. नुसता आवाज येतो, घुमल्यासारखा.

आणि यातलं काहीच मला नवीन नव्हतं. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला अशीच नक्षी असते. तो टायर उलटा बसवला तर आमच्याकडचा शेंबडा पोरगाही हसेल. मोटारसायकलच्या टायरवर बाण असतो, तो मी हजार वेळा पाहून बसवला होता. पण तोवर माझ्याकडे ज्या मोटारी आल्या त्यांच्या टायरवर बाण नसे, कसेही चढवा. म्हणून मी पाहिलंच नाही. चारही एकाच हाताने चढवले, त्यामुळे उजवे दोन सुलटे आणि डावे दोन उलटे.

मी वाकलेलाच होतो. मग उठलो, हात पुसले आणि म्हणालो, “भाऊसाहेब, टायर उन्हाळी हायेत. पावसात यावर बेतानं चालवा लागते. मी आधीच सांगतलं होतं.”

एवढंच. मी सुखदेवचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. चाळीस माणसांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं. गर्दीतून कोणी तरी म्हणालं, “अबे सुखदेव, गाडी चालवत होता का नाव वल्हवत होता?” आणि लोक हसले. तिथंच ते नाव पडलं.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून माझ्या दुकानी आणली. मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि डावे दोन टायर उतरवून सुलटे बसवले. कोणी पाहिलं नाही.

सुखदेवची नोकरी गेली. दुसरी मिळेना. जिथं जाईल तिथं आधी ‘नावाडी’ पोचलेला असायचा. लग्नाच्या वरातीला गाडी चालवायला कोणी तरी बोलावलं, तर नवरदेवाचा मामा म्हणाला, “पोहता येते ना सगळ्याइले? नाई म्हटलं, ड्रायव्हर नावाडी हाय.” सुखदेव किल्ली परत देऊन निघून आला. मग त्याने मोटारीचं स्टेअरिंग सोडलं. हंगामात मळणीयंत्रावर जायचा, बाकी दिवस मिळेल ते काम. बायकोने शिवणकाम केलं, पोरांना शिकवलं. रस्त्यात भेटला की मला “जय भीम उस्ताद” म्हणायचा, पूर्वीसारखाच. मी त्या वेळी कोणत्या तरी टायरमध्ये डोकं घालायचो.

मनाला टेकायला माझ्याकडे एक काठी होती. बाण उलटा असेल, पण टायर उन्हाळी होते हे तर खरं? पावसात ते घसरणारच होते. पुढे काही वर्षांनी ती काठीही मोडली.

टायर कंपनीने अकोल्याला आम्हा दुकानदारांचा वर्ग घेतला. शिकवायला एक तरुण इंजिनीयर बाई होत्या. त्यांनी ‘समर’ टायरचं चित्र दाखवलं तेव्हा मी हात वर केला. म्हटलं, “मॅडम, हे पावसाळ्याच्या आधी काढायचे ना?”

“कशाला?”

“उन्हाळी हायेत ना.”

त्यांनी विचारलं, “काका, तुमच्याकडे बर्फ पडतो?”

“गारा पडतात. फाल्गुनात.”

सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी नीट सांगितलं. ही नावं थंड मुलखातली आहेत. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ असतो. बर्फ नसलेला सगळा काळ म्हणजे त्यांचा ‘समर’, त्यात पाऊसही आला. हे टायर गरम रस्त्यावर पकड धरतात आणि ओल्या रस्त्यावरही चांगली धरतात. फक्त कडाक्याच्या थंडीत रबर ताठरतं. ‘ऑल सीझन’ थोड्याफार बर्फातही चालावा म्हणून बनवलेला असतो, म्हणून वेगाच्या गाडीखाली आपल्या उन्हात तो रस्ता तितका घट्ट धरत नाही आणि लवकर झिजतो. तात्पर्य, आपल्याकडे वेगाची गाडी असेल, रस्ता चांगला असेल, तर ‘समर’च घ्यावा. गाडी पांदण रस्त्याने शेतात जाणार असेल तर मात्र ही नावं सोडा आणि जाड कडेचा, उंच टायर बघा. आणि कोणताही असो, नक्षी झिजली की बारमाहीही पावसात घसरतो.

म्हणजे ते टायर पावसासाठीही चांगलेच होते. सुलटे असते तर त्या चार बोटं पाण्यातून गाडी निघून गेली असती. मी शब्द चुकीचा लावला, टायर चुकीचा लावला, आणि दोन्ही चुका एका माणसाच्या नावावर लावल्या.

आणि त्या दिवसानंतरही मी गप्प बसलो. हे लिहायला सर्वांत कठीण वाक्य आहे.

गेल्या वर्षी आमच्या एका शाळेला गाडीवर ड्रायव्हर हवा होता. मुख्याध्यापक दुकानात आले. “सुखदेवचा अर्ज आहे. माणूस चांगला वाटतो, कागद चोख आहेत. पण समितीत लोक म्हणतात हा तो नावाडी. लहान लेकरं बसवायची आहेत हो. त्या वेळी गाडी तुम्हीच तपासली होती ना? तुम्हीच सांगा, तुम्ही म्हणाल तसं.”

मी म्हणालो, “उद्या सांगतो.” पाहा, त्या वेळीही एक दिवस मागून घेतला.

घरी जेवताना भाकर नुसती कुस्करत बसलो. बायकोने विचारलं तेव्हा पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. ती ताटावरून न उठता म्हणाली, “मले सांगून काय फायदा? मी थोडीच त्या सोयाबीनमधली चाळीस मानसं हाओ.”

सकाळी सुखदेवच्या घरी गेलो. अंगणात त्याची मोटारसायकल उभी, तो बाजेवर बसून दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण. त्याने आत आवाज दिला, “उस्ताद आले, चहा टाक वं.” मी म्हणालो चहा नंतर. आणि उभ्यानेच सांगून टाकलं. बाण, चिखल, अर्धं शटर, अकोल्याचा वर्ग. काही राखलं नाही.

त्याने वस्तरा वाटीत ठेवला. मला वाटलं आता हा शिव्या देईल, आणि त्या मी बसून ऐकणार होतो. तो म्हणाला, “मले दाखवा.”

“काय?”

“ते पाणी कसं जमा होते ते. मले दाखवा.”

मी मोटारसायकलच्या चाकावरचा बाण दाखवला. मग एका घमेल्यात पाणी घेऊन खाली बसलो. दोन्ही तळहात ‘व्ही’सारखे जोडले आणि टोक पुढे करून पाण्यातून ढकलले. पाणी दोन्हीकडे पांगलं. मग हात तसेच ठेवून उलटे ओढले. पाणी ओंजळीत चढलं आणि माझ्या मनगटापर्यंत आलं. सुखदेवने मला बाजूला केलं आणि स्वतः करून पाहिलं. एकदा सुलटं, एकदा उलटं. पुन्हा एकदा उलटं. गालावरचा साबण वाळून गेला होता.

“म्हंजे म्या साठवरच होतो,” तो म्हणाला.

“होय.”

“नाई उस्ताद, तुमाले नाई समजलं. पह्यले दोन-तीन वर्सं म्या सगळ्याइले सांगत होतो, साठवर होतो म्हणून. मंग लोकाइचं आयकून आयकून मले सोताले वाटू लागलं, का नाई बा, ऐंशीवर असन. मीच काटा चुकीचा पाह्यला असन. बायकोले बी म्या तसंच सांगतलं, का चूक माहीच होती.” तो पाण्यातले हात काढून बघत राहिला. “तुमी माही नोकरी घेतली ते जाऊ द्या. माह्या डोयानं पाह्यलेलं तुमी मले खोटं पाडाले लावलं.”

मी त्याचे पाय धरायला वाकलो तर तो ओरडला, “उठा जी, गुडघे दुखतात तुमचे, मंग उठवाले मलेच लागन.” आतून त्याची बायको चहा घेऊन आली. तिला त्याने पहिलं वाक्य सांगितलं ते हेच, “अवं, साठवरच होतो मी.” ती म्हणाली, “मी त कधीच दुसरं म्हटलं नोतं. तुमीच म्हणत होते.”

त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लिहून दिलं. मग आसेगावला भाऊसाहेबांकडे गेलो. ते आता थकले आहेत. ऐकून घेऊन म्हणाले, “आता कायले सांगून राह्यले?”

“शाळेनं विचारलं म्हणून.”

“शाळेनं इचारलं नसतं त?”

मी उठून चपला पायात घातल्या. ते त्यांना पुरेसं होतं. पुढे ते सुखदेवला भेटले की नाही, मला माहीत नाही. त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

सुखदेव आता शाळेची गाडी चालवतो. त्या गाडीचे टायर साधे आहेत, त्यांवर बाण नाही. तरी तो रोज सकाळी चारही चाकांपाशी वाकतो. मी एकदा म्हणालो, “अरे, याले बाण नसते.” तो म्हणाला, “माहीत हाय. उस्तादानं बसवले हायेत म्हणून पाह्यतो.” आणि माझ्या पुतण्यासकट सगळं दुकान हसलं. मीही हसलो. खूप वर्षांनी त्याच्यासमोर डोकं वर करून हसलो.

चौकातल्या लोकांना मी सांगितलं, तोंडाने सांगता येईल तितकं. पण चाळीस माणसं त्या शेतात होती, त्यांतली काही आता नाहीत, काही गाव सोडून गेली. दिवाळी अंकात लिहू का, असं सुखदेवला विचारलं. तो म्हणाला, “लिहा. पण तो आकडा बँकेच्या चेकवर लिहितात तसा लिहा. आकड्यात बी अन् अक्षरात बी. मंग कोणाले खाडाखोड करता येत नाई.”

तर लिहितो. त्या दिवशी मालेगावच्या अलीकडे त्या पाण्यात सुखदेवच्या गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर होता. अक्षरी साठ फक्त.